मंगलचे पिवळे हातमोजे

१२ जानेवारी २०२३

पोरीच्या कॉलेजची एक दोनशे पानी वही कोरी राहिली होती, ती आजपासून मी घेतली. दहावी पास बाई आहे मी, तीही पहिल्या झटक्यात. ह्या घरात लिहिता येणारी सून एकटी मी, आणि सगळे विचारतात कुणाला, तर मंगलला.

मंगल म्हणजे माझी धाकटी जाऊ. मध्ये एक भिंत, अलीकडे आम्ही, पलीकडे ती. नळ एकच. दोघी निपाणीतल्या एकाच वखारीत तंबाखू चाळायला जातो. सही म्हणून मंगल अंगठा उठवते, पण गल्लीत लग्न निघालं की पहिली हळद तिच्या हातची. सासूबाई जाताना बोरमाळ तिच्या गळ्यात घालून गेल्या. थोरली मी. तरी मी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणूनच तर वही घेतली.

वही बघून तिनं भिंतीवरून विचारलं, "आक्का, काय लिवनार वो त्यात?"

म्हटलं, "तुझं नाव काढणार न्हाय, काळजी करू नको."

पहिल्याच पानावर तीच येऊन बसली.

२ फेब्रुवारी

पित्त झालं. सकाळी दोनदा उलटी. तसंच कामाला गेले.

आमच्या कामाचं एकदा लिहून ठेवते. कुटलेली तंबाखू आम्ही बायका चाळतो. जाड माल विडीला जातो. खाली उरतो तो भुगा. पूर्वी त्याला कोण विचारत नव्हतं. आता परदेशातली एक कंपनी तो घेते, त्यातून अर्क काढते आणि तंबाखू सोडायची गोळी करते. तिकडचे लोक म्हणे ती चघळतात आणि त्यांची तंबाखू सुटते. आम्ही तिला गोळीवाली कंपनी म्हणतो. आमचे हे म्हणतात, "त्येंची सुटावी म्हनून तुमाला लागलीया."

बारीक चाळणीची खोली आत आहे. वाऱ्यानं भुगा उडू नये म्हणून तिचं दार बाहेरून लावून घेतात. तासभर बसलं की डोकं गरगरतं, न खाता तंबाखू चढते. आम्हाला सवय आहे. मंगलला कशी नाही कोण जाणे. अकरा वाजता दार उघडलं तशी ती बाहेर येऊन भिंतीला टेकली. ओठ पांढरे, हात लटलट कापताहेत. चार बायका पदरानं वारा घालायला धावल्या. सोंग नुसतं. मला कधी कुणी वारा घातलेला आठवत नाही.

१६ फेब्रुवारी

आज जळून कोळसा झाले. सगळं लिहिते.

गोळीवाल्या कंपनीचा साहेब आला, पांढऱ्या गाडीतून. तम्मण्णा मुकादमानं सकाळीच आवार झाडून घेतलं होतं. गाडीतून एक खोकं उतरवलं. त्यात पिवळे हातमोजे आणि तोंडाला लावायचे मास्क, बारा बायकांपुरते. आम्ही एक्केचाळीस. तम्मण्णानं नाकीडोळी नीटस अशा बारा निवडल्या. "मंगल, तू मदी बस." ती मध्ये! मी त्या वखारीत तिच्या सहा वर्षं आधीपासून आहे. मला काय म्हणाला, तर "मालुबाई, जरा मागं सरका. सावली पडतीया तुमची."

मंगलनं पिवळ्या हातांनी पदर सारखा केला आणि हसली. मास्कच्या आडूनही हसलेली कळत होती. फोटोवर फोटो.

मी सरकले ती पार गाडीपाशी जाऊन उभी राहिले, फोटोकडं पाठ करून. म्हणून पुढचं मला एकटीला दिसलं. फोटो झाल्यावर तम्मण्णानं सगळ्यांचे मोजे-मास्क काढून घेतले. म्हणाला, "धुऊन ठेवतो, उद्यापास्नं रोज घालायचे." बायका आत गेल्या. त्यानं ते धुतले नाहीत की ठेवले नाहीत, खोक्यात भरून साहेबापुढं आणले. साहेबानं आपल्या हातानं झाकण दाबलं, वर चिकटपट्टी मारली आणि खोकं परत गाडीत. वखारीच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. खोक्यावर इंग्रजीत संकेश्वर लिहिलं होतं. म्हणजे तिथल्या वखारीत आता दुसरी मंगल बसणार.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मिरवली अर्धा तास. उद्यापासून आहेच चाळणी. मी कुणाला सांगितलं नाही. उद्या ती मोजे मागेल तेव्हा तिचं तोंड बघायचंय मला.

१७ फेब्रुवारी

मागितले. तम्मण्णा म्हणाला वाळत घातलेत. तोंड एवढंसं झालं. मी गालात हसले.

दुपारी परत पित्त.

९ मे

मंगलला आता बाहेर लिंबाखाली पोती शिवायला बसवलंय. का, तर तिला घेरी येते. पंधरा दिवसांत तीनदा पडली, तिसऱ्यांदा माझ्याच अंगावर. नळावर परवा हातातली कळशी सुटली. तिचा नवरा शामू आता पाणी भरतो. बायकोचं पाणी भरणारा गडी गल्लीत तो एकटाच. आमच्या ह्यांना तांब्या हातात द्यावा लागतो.

बाहेर वारा असतो. जाता-येता लोक बोलतात. ती गाणं म्हणत सुई चालवते. आणि मी आत, बंद दारामागं, नाकाला पदर बांधून. रात्री डोकं इतकं ठणकलं की उशाला दगड घ्यावासा वाटला. पण मी तिच्यासारखी पडत नाही कुठं.

२१ जून

आज केलं.

तम्मण्णाला गाठून सांगितलं, मंगलला काही झालेलं नाही. घरात दोन-दोन कळशा उचलते, मी रोज बघते. पोती शिवायची जागा मला द्या.

तो म्हणाला, "असं हाय व्हय? मला वाटलंच."

दोन कळशा खोट्या आहेत. पण सोंगाला सोंगाचंच औषध.

२२ जून

ती आत, मी बाहेर. लिंबाखाली छान वारा होता. सुई मात्र दोनदा बोटात गेली.

आत जाताना ती मला म्हणाली, "बरं झालं आक्का, तुमाला तरी हवा मिळंल." टोमणाच असणार.

१२ जुलै

मंगल आत एकटी असताना पडली. दार लावलेलं होतं. कुणाला आवाज गेला नाही. जेवणाच्या सुट्टीत उघडलं तेव्हा तोंडाला फेस होता. ह्यांच्या टेम्पोतून बेळगावला नेली.

आज काही लिहवत नाही.

१९ जुलै

जगली. डॉक्टर म्हणाले, छाती निम्मी गेली आहे, आता आयुष्यभर धुळीत जायचं नाही, वजन उचलायचं नाही. बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करते.

मी जाऊन आले. तिनं माझा हात धरला. मी केळी सोलत बसले.

३० जुलै

अख्खी गल्ली लोटलीय तिला बघायला. नारळ, मोसंबी, शहापूरच्या तिच्या मावशीनं मागावरची साडी पाठवली, गर्द जांभळी. मरता मरता वाचलेल्या माणसाला नवी साडी. मी बाळंतपणात तीन दिवस अडले होते, तेव्हा कुणी रुमाल दिला नाही.

हे लिहिताना माझीच मला लाज वाटली. पण साडी खरंच चांगली आहे.

५ मार्च २०२४

बेळगावहून पूर्णिमा वकील आल्या होत्या. वयानं तिशीच्या आत, पायात बूट, बोलणं मात्र आपल्यातलं. त्यांच्याबरोबर लंडनच्या वकिलांचा माणूस. गोळीवाल्या कंपनीवर तिच्याच देशात, लंडनच्या कोर्टात खटला घालायचा म्हणतात. मी विचारलं, "वखार तर निपाणीच्या शेटची. मग कंपनीला कसं धरणार?"

त्या म्हणाल्या, "शेट कंपनीच्या हुकमानं चालतो की नाही? दार लावायचं, भुगा उडू द्यायचा नाही, हे कुणाच्या कागदात आहे? माल तुमचा म्हणता, तर माल करणारी माणसंही तुमचीच, एवढंच आपण कंपनीला म्हणायचं."

मग एकेका बाईला बोलावून विचारलं, काय काय त्रास होतो. माझ्या आधी मंगल बसली होती. धापा टाकत सांगत होती आणि वकीलबाईंचे डोळे भरून आले होते. मला ते बघवेना. माझी पाळी आल्यावर ताठ बसले. म्हटलं, "मला काय सुदिक होत न्हाय. वीस वरसं झाली. माझी हाडं घट हाईत."

त्यांनी माझ्या नावापुढं रेघ मारली.

१८ ऑगस्ट

कोर्ट काही चाळीस बायकांचं ऐकत बसणार नाही. नमुन्याला एक निवडायची, तिचं जे ठरेल त्यावर बाकीच्यांचं चालायचं. कोणाला निवडली हे लिहायची गरज आहे का?

पेपरात फोटो आला. तीच जांभळी साडी. 'निपाणीची मंगल परदेशी कंपनीला भिडली.' भिडली म्हणे! स्वतःचं नाव लिहिता येत नाही. वकीलपत्रावर अंगठा उठवला, मी शेजारीच होते. अंगठा पुसताना म्हणाली, "आक्का, मला नाव तरी काढायला शिकवा की. गोऱ्यांच्या कोर्टात अंगठा बरा दिसत न्हाय."

मी म्हटलं, "बाजारात तुरी आनि भट भटणीला मारी. आदी कोर्ट तर उभं ऱ्हाऊ दे."

ती माझ्या हातातल्या पेनाकडं बघत राहिली. तिला काय, आता माझं पेनही हवंय.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. तिळगूळ द्यायला गेले, तर पूर्णिमा वकील तिच्या घरी बसलेल्या. मंगलचं तोंड उतरलेलं. कंपनीचं उत्तर आलंय.

कंपनी म्हणते, वखार आमची नाही. आणि तरीही आम्ही माणुसकीनं बायकांना मोजे आणि मास्क दिले, ते वखारीत ठेवले होते, बायकांनीच घातले नाहीत. पुरावा म्हणून फोटो. तोच तो, १६ फेब्रुवारीचा. मध्ये मंगल, पिवळे हात, डोळ्यांत हसू.

"मोजे दुसऱ्या दिवशी होते का?" वकीलबाईंनी विचारलं.

"तम्मन्ना म्हनला वाळत घातल्यात. मग म्हनला कुनीतरी चोरलं. मग आमी मागायचं सोडलं."

"म्हणजे कंपनी म्हणणार, मोजे आम्ही दिले, शेटच्या माणसानं हरवले, आमचा काय दोष? खटला तिथंच पडेल, मंगलताई. चाळीसजणींचा."

मंगल म्हणाली, "त्या रोजी कुनीबी काय बगितलं न्हाय का गं? एवढ्या बाया हुतो."

मी तिळगूळ हातात घेऊन उभी होते. वाटी ठेवली आणि घरी आले.

२० जानेवारी

पाच दिवस वही उघडली नाही. आज उघडून १६ फेब्रुवारी वाचलं. सगळं आहे. साहेबाचा हात, चिकटपट्टी, घड्याळ, संकेश्वर.

आणि पुढं २१ जूनही आहे.

२३ जानेवारी

बाजाराचं निमित्त काढून बेळगावला गेले, पूर्णिमा वकिलांच्या ऑफिसात. आडून विचारलं, समजा कुणा बाईनं त्या दिवसाचं लिहून ठेवलं असेल, तर तेवढंच पान फाडून चालेल का?

त्या उठून उभ्याच राहिल्या. मग बसल्या. म्हणाल्या, "नाही, मालुबाई. फाडलेल्या पानाला कोर्ट विचारत नाही. वही पुरी द्यावी लागते. समोरचा वकील पहिल्या पानापासून वाचेल. आणि मंगलताईंना ती आधी वाचून दाखवावी लागेल, खटला त्यांचा आहे."

"आनि त्या बाईनं न्हाय दिली तर?"

"तर मी तिच्यावर जबरदस्ती करू शकत नाही."

परत येताना बसमध्ये हिशेब मांडला. दिली तर मंगल जिंकणार, माझ्या अक्षरानं. परत पेपरात फोटो तिचा. आणि मी कोण, तर जिनं जावेला मरायला आत पाठवलं ती. न दिली तर कुणाला काही कळणार नाही. भरल्या पोटी कुणी आगीत हात घालतं का?

नाही द्यायची.

२ फेब्रुवारी

आज मंगलची तालीम होती. कोर्टात समोरचा वकील कसं उलटसुलट विचारेल, ते पूर्णिमा वकील तिच्याकडून घोकून घेत होत्या. कंपनीच्या कागदातलंच त्या वाचत होत्या. मी चहा करायला थांबले होते.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही. तुम्ही घरची सगळी कामं करता. तुम्ही सोंग करता आहात."

मंगलला बोलताच येईना. छाती भात्यासारखी हलायला लागली. म्हणाली, "सोंग कशाला करू बाई? सोंग करून मला काय मिळनार हाय? आमच्या आक्काला इचारा. भिताडापलीकडं ऱ्हात्यात. त्येनी समदं बगितलंया. त्या खोटं बोलायच्या न्हाईत."

चहा उतू गेला.

सोंग. हा शब्द माझा आहे. दोन वर्षं मी तो ह्या वहीत लिहीत आले. थोरली जाऊ आहे मी, सतरा वर्षं एका नळावर भांडलेय, तिला सोंगाडी म्हणायचा हक्क कुणाला असेल तर मला आहे. हा कंपनीचा कोण मेला लंडनला बसून तिला सोंगाडी म्हणणार? त्यानं तिची कळशी पडलेली बघितलीय? तिच्या तोंडाचा फेस त्यानं पुसलाय?

मी घरी आले, वही घेतली आणि भिंत ओलांडून परत गेले. वकीलबाईंच्या पुढ्यात टाकली. म्हटलं, "वाचा. नाहीतर थांबा, मीच वाचते. माझं अक्षर मलाच लागतं."

दुपारी दोनपासून ऊन उतरेपर्यंत वाचत होते. मंगल भिंतीला टेकून ऐकत होती. बोरमाळेला हसली. "सावली पडतीया" ला तर हसता हसता खोकला लागला. खोक्याचं वाचलं तेव्हा पूर्णिमा वकिलांनी तोंडावर हात ठेवला.

मग २१ जून. तेही वाचलं, एक शब्द न गाळता.

मंगलनं विचारलं, "किती तारीक म्हनलासा?"

"एकवीस जून."

"दुसऱ्या दिशी मी आत गेलते. आनि पडले कवा?"

"बारा जुलै."

तिनं बोटाच्या पेरांवर मोजलं. हळूहळू, ओठ हलवत. "एकवीस दिस," म्हणाली. उठली, आत गेली, आणि दाराला कडी घातली.

पूर्णिमा वकील वही मिटून म्हणाल्या, "मालुबाई, ह्यात तुमच्या उलट्या किती आहेत, ठाऊक आहे? मी खुणा केल्या. एकतीस."

म्हटलं, "ते पित्त हो."

त्या माझ्याकडं बघत बसल्या.

१० फेब्रुवारी

वही गेली. ही नवी आहे, दुकानातून आणलेली. जुन्या वहीची झेरॉक्स दिलीय मला, जाडजूड.

मंगल बोलत नाही. नळावर मी गेले की बाजूला होते. "आक्का" म्हणत नाही. इतकी वर्षं तिच्या हाकेचा मला कंटाळा होता. आता दुसऱ्या घरात कुणी आक्का म्हटलं तरी मी वळून बघते.

ह्यांना सगळं कळलं. म्हणाले, "आगं, येवढं इख पोटात घिऊन तू सैपाक करत हुतीस?" मग स्वतः उठून तांब्याभर पाणी घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

२७ मार्च

आज साक्ष झाली. बेळगावात पूर्णिमा वकिलांच्या ऑफिसात भिंतीवर मोठा पडदा लावला होता. त्यात लंडनचं कोर्ट. जज्ज बाईच होती, पांढऱ्या केसांची. मध्ये एक दुभाषी.

मंगलची साक्ष आधी. जांभळी साडी. चांगली बोलली, थांबत थांबत. मग माझी.

समोरचा वकील उंच, गोड आवाजाचा. त्याच्या हातात माझ्या वहीचं इंग्रजी. माझी एवढीशी अक्षरं समुद्रापलीकडं जाऊन त्याच्या हातात पोचली, हे बघून क्षणभर बरंच वाटलं. खोटं का बोलू.

"तुम्हाला तुमच्या जावेचा हेवा वाटतो, खरं ना?"

"व्हय."

"आजही?"

मी मंगलकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. "आजबी. साडी बगा की तिची."

दुभाषी अडखळला. जज्जबाई हसल्यासारखी दिसली.

"इतका द्वेष करणाऱ्या बाईच्या वहीवर कोर्टानं विश्वास का ठेवावा?"

हे मला कुणी पढवलं नव्हतं. म्हटलं, "सायेब, जिचं बरं झालेलं मला बगवत न्हाय, तिच्या कामाला येईल असं मी कशाला लिवीन? मोजे परत नेले म्हनून मला आनंद झालता. आनंद झालता म्हनूनच लिवून ठेवलं. तिची बाजू घ्यायची असती तर त्याच दिवशी तिला सांगितलं नसतं का?"

त्यानं कागद उलटले. मग २१ जून काढलं. मला ठाऊकच होतं.

"म्हणजे मंगल यांना त्या खोलीत पाठवलं ते तुम्ही. खोटं सांगून. कंपनीनं नव्हे."

वाटलं, झालं, आता सगळं माझ्या पदरात टाकून कंपनी मोकळी होणार. पूर्णिमा वकिलांनी डोळे मिटले.

"मी पाठिवलं. खरं हाय," मी म्हटलं. "त्येचं पाप माझ्याकडं. ते मी देवापुढं आनि तिच्यापुढं बगून घेईन. पर ती खोली मी बांधली न्हाय, सायेब. दार लावून घ्या असं मी लिवून दिलं न्हाय. मोज्याचं खोकं मी संकेश्वरला नेलं न्हाय. माझी जाऊ आत गेली नसती तर मी आत असते. दोगीतलं कुनीतरी आत असनारच हुतं. ते कुनी ठरीवलं, त्येला इचारा."

जज्जबाईनं पेन उचललं आणि बराच वेळ लिहीत राहिली.

परत येताना बसमध्ये मंगल खिडकीशी बसली, मी पलीकडच्या बाकावर. संकेश्वरला बस थांबली. ती बाहेरच्या पाटीकडं बघत होती.

"हेच न्हवं का ते? खोकं गेलं ते गाव?" माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं.

"व्हय."

"पाटीवर तेच लिवलंय?"

"खाली इंग्रजीत हाय ते. वर कन्नड."

पुढं निपाणी आली. स्टँडवर उतरल्यावर धाप लागली म्हणून ती पिशवीवर बसली. मी उभी. मग म्हणाली, "एकवीस दिस तुमी लिंबाखाली बसून मला बगत हुतासा. मी आत-बाहेर करताना हात हलवायची, तुमी मान खाली घालायचा. मला वाटायचं सुईत दोरा ववताय."

मी पाण्याची बाटली पुढं केली, ती तिनं बाजूला सारली.

"मी न्हाय सोडनार तुमाला एवढ्यावर," ती म्हणाली. "त्ये झेराक्स घिऊन उद्या दुपारी या. मला वाचाय शिकवा. पयलं त्येच पान. दुसऱ्यानं वाचून दाखिवलेलं मला नको. माझ्या डोळ्यानं मला बगायचंय तुमी काय लिवलंय त्ये."

२४ जून

कोर्टाचा निकाल आला. शेवटचा नाही, पण मोठा. वखार आमची नाही म्हणून कंपनीला सुटता येणार नाही. खोकं आणणारी आणि परत नेणारी तीच, तेव्हा उत्तरही तिनंच द्यायचं. खटला चालणार, चाळीसजणींचा. एक्केचाळीसावं नाव म्हणून पूर्णिमा वकिलांनी माझं घातलंय. छातीचा फोटो काढून घेतला. पित्त नव्हतं ते, तंबाखूच अंगात भिनलेली.

पेपरात फोटो आला. मंगलचा. मी तिच्या मागं आहे, अर्धी, कुणाच्या तरी सावलीत.

९ जुलै

रोज दुपारी तीन वाजता जाते. ती बोट ठेवून एकेक अक्षर लावते. बाराखडी मी वेगळी शिकवायला बघितली, तर नको म्हणाली. तेच पान. 'मं-ग-ल-ला का-ही झा-ले-लं ना-ही.' जोडाक्षर आलं की अडते आणि माझ्याकडं बघते, मग ते मला मोठ्यानं म्हणावं लागतं. एक ओळ चार-चार दिवस चालते. मी उठून जाऊ शकत नाही. ती शिव्या देती तर बरं झालं असतं.

आज शेवटच्या ओळीला पोचली. 'सोंगाला सोंगाचंच औषध.' दोनदा वाचली. बोट तसंच ठेवून बसली.

"झालं, आक्का," म्हणाली.

पाच महिन्यांनी आक्का म्हणाली.

मला रडू आलं. तिनं रडू दिलं, वारा घातला नाही. मग कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर, माझंच पेन घेऊन, तिनं आपलं नाव लिहिलं. जीभ दातात धरून. मंगल. शिरोरेघ सरळ, ग चा गोल एकदम गोल, जसा पुस्तकात असतो तसा.

माझा ग इतकी वर्षं झाली तरी चपटाच येतो. पोटात बारीकशी कळ आली, लिहून ठेवते.